कारणासकट शून्य

४ जून

अप्पा,

तुम्हाला नमस्कार. फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही. 'मी बरी आहे' हे ओरडून सांगताना कोणाशी तरी भांडतेय असं वाटतं. म्हणून यापुढे पत्र लिहीन. तुम्हीही सवडीने उत्तर द्या.

तुम्ही गावी परत गेल्यावर आठवड्याभराने मी कामाला बसले. बसले म्हणजे तिथेच, खिडकीजवळच्या टेबलाशी. तुम्ही इथे होतात तेव्हा विचारलं होतंत, "तुझं ऑफिस कुठाय?" मी टेबलाकडे बोट दाखवलं होतं. तेव्हा कोणालाच हसू येण्यासारखी वेळ नव्हती, म्हणून आता नीट सांगते. आम्ही चौघं लिफ्टची रेखाटनं काढतो. इमारतीची मापं येतात, त्यावरून खाली खड्डा किती खोल हवा, दार किती रुंद, रूळ कुठे बसतील हे ठरवायचं. चौघं चार देशांत. एकाचा दिवस मावळतो तेव्हा दुसऱ्याचा उजाडतो आणि काम हातोहात पुढे जातं. तीन वर्षांत आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेलो नाही. आठवड्यातून एकदा पडद्यावर चार चौकटींत बसतो आणि सगळ्यांनाच उसनी असलेली एक भाषा बोलतो.

या लोकांना नावं तुमच्या मुलाने ठेवली होती. त्याची छापखान्यात संध्याकाळची पाळी, त्यामुळे दिवसा घरी असायचा आणि स्वयंपाकघरातून आमची मीटिंग ऐकायचा. आमच्या प्रमुख म्हणजे 'तोफबाई'. त्यांच्या देशात मनात येईल ते तोंडावर सांगतात, आणि त्यात राग नसतो म्हणे. दुसरा 'होहो'. त्याच्या देशात वरिष्ठाला नाही म्हणणं उर्मटपणाचं, म्हणून तो कशालाही हो म्हणतो. आणि तिसरे 'मौनीबाबा'. पंचावन्नच्या पुढचे, एका बेटावर राहतात. मीटिंगमध्ये तोंड उघडतील तर शपथ. मी एकदा विचारलं, "आणि माझं काय नाव ठेवलंस?" तर म्हणाला, "ते सांगितलं तर मला जेवायला कोण वाढेल?"

मी परतल्यावरच्या पहिल्या मीटिंगला तोफबाई म्हणाल्या, "आपण प्रत्येकाने तिच्यासाठी काहीतरी बोलू या. मनात कोंडून ठेवणं बरं नाही." हेतू चांगलाच होता. होहो बराच वेळ बोलला. मौनीबाबांची पाळी आली तर त्यांनी कॅमेराच बंद केला. मग मीही केला. नंतरही त्यांचा एक शब्द नाही, साधा निरोप नाही. तीन वर्षं ज्याच्याबरोबर काम केलं तो माणूस आहे की दगड? मला बाकी कोणाचा नाही, त्यांचा राग आला.

एक गोष्ट मात्र विचित्र आहे. रजेचा अर्जही मी दिला नव्हता, तेव्हा मला वाटलं होतं काम डोंगराएवढं साचलं असेल. पण माझ्या नावावरची सगळी रेखाटनं पूर्ण झालेली आहेत. तोफबाई म्हणाल्या, "अशा काळातही तुझं काम थांबलं नाही. कमाल आहे तुझी." अप्पा, त्यातलं एकही काढल्याचं मला आठवत नाही. पण मला त्या दिवसांतलं तसं काहीच आठवत नाही. झोपेत चालल्यासारखं केलं असेल.

रक्तदाबाची गोळी विसरू नका.

तुमची,
सूनबाई


१३ जून

चि. सूनबाई,

पत्राच्या माथ्यावर काय लिहावं यातच दोन कागद फाडले. पूर्वी लिहायचो ते आता लिहिता येत नाही, आणि त्याच्या जागी जे लिहायची पद्धत आहे ते माझ्या हातून उतरेना. म्हणून चि. सूनबाई. ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

मी ठीक आहे. भेटायला येणारे अजून येतात. येतात आणि मलाच त्यांची समजूत घालावी लागते.

तुझं ऑफिस आता समजलं. आमच्या बसदुरुस्तीच्या कार्यशाळेत साठ माणसं होती. कोणाचं कोणाशी बिनसलंय ते हातोडीच्या आवाजावरून कळायचं. तुमचं एकमेकांना न बघता कसं चालतं ते तुम्हालाच ठाऊक. त्या मौनीबाबावर फार रागावू नकोस. सांत्वनाला येऊन दाराबाहेरूनच परतणारी माणसं मी पाहिली आहेत. आत यायला त्यांचे पाय उचलत नाहीत.

पण तुझी एक गोष्ट मला पटली नाही. झोपेत माणूस चालेल, लिफ्टचा खड्डा मोजणार नाही. तीस वर्षं मी ब्रेक तपासून गाड्या सोडल्या. नट कोणी आवळलाय ते बघितल्यावर कळतं, प्रत्येकाचा हात वेगळा असतो. ती रेखाटनं पुन्हा काढून बघ. हात तुझा आहे का? काही चुकलं असेल तर त्या लिफ्टमध्ये माणसं चढणार आहेत.

बाळने मला काय नाव ठेवलं होतं तेही कधीतरी सांग. ठेवलं असणारच.

— अप्पा


२२ जून

अप्पा,

तुम्हाला ठेवलेलं नाव सांगत नाही. माझंही जेवण बंद व्हायचं.

रेखाटनं पाहिली. हात माझा नाही. मी दाराची मापं नेहमी डाव्या भिंतीपासून देते. ही सगळी उजव्या भिंतीपासून दिलेली आहेत. आमच्यात उजवीकडून मापं देणारा एकच माणूस, मौनीबाबा. मी कितीदा सांगितलंय, सगळे डावीकडून देतात. ते "बरं" म्हणतात आणि उजवीकडून देतात.

गेल्या वर्षी माझ्याकडे दोन दिवस वीज नव्हती तेव्हा मीच त्यांना माझा पासवर्ड दिला होता. बदलायचा राहिला. मी नव्हते तेव्हा ते माझ्या नावाने आत शिरत होते, माझं काम उरकत होते आणि मग आपलं करायला बसत होते. आपलं अर्थातच मागे पडलं.

मी त्यांना लिहिलं की मला कळलं आहे. उत्तर आलं, "काही झालेलं नाही. इकडे हवा चांगली आहे." ते वाचून आधी हसले, मग पुष्कळ रडले. त्यांना मी दगड म्हटलं होतं.

आणि तुमचा मुद्दा बरोबर निघाला. एरवी मी काढलेलं ते तपासतात. इथे ज्यांनी काढलं त्यांनीच तपासलं, म्हणजे कोणी तपासलंच नाही.

खरी अडचण पुढे आहे. कंपनी आमच्या चार जागांतली एक कमी करणार. या तिमाहीत ज्याचं काम सर्वांत थोडं, तो जाणार. सर्वांत थोडं मौनीबाबांचं आहे. तोफबाई वरच्या जागेवर जात आहेत आणि त्यांच्या जागी मला गटप्रमुख करायचं ठरतंय. माझ्यासाठी लिहिलेला शेरा मला वाचायला पाठवला. त्यात वाक्य आहे: 'वैयक्तिक दुःखाचा कामावर परिणाम होऊ दिला नाही.' ते वाक्य घशाखाली उतरत नाही.

होहोला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"हो."

"मग मी बोलून टाकू?"

"हो, हो."

"की गप्प बसू?"

"हो, तेही बरोबर आहे."

दुसऱ्याच्या नावाने काम करणं आणि पासवर्ड देणं, दोन्ही नियमाबाहेर. दोघांचीही नोकरी जाऊ शकते. काल मौनीबाबांचा पुन्हा निरोप आला, "कृपया बोलू नका. बोललात तर मी केलेलं वाया जाईल." त्यांच्याकडे मदतीचा उच्चार केला की ती नासते, असं काहीसं असावं. मला नीट समजलेलं नाही.

काय करू, सांगा.

सूनबाई


२९ जून

चि. सूनबाई,

विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो. गप्प बस.

त्या माणसाने आपण होऊन केलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आता तोच हात जोडून म्हणतो आहे की बोलू नका, आणि तू चारचौघांत बोललीस तर तो त्याचा मान नव्हे, अपमान होईल. एवढं वय झालेला माणूस आपलं बरंवाईट जाणतो.

दुसरं, वरिष्ठाने चांगला शेरा दिला की मान खाली घालून घ्यावा. त्यातले शब्द चिवडत बसू नयेत. शेरे लिहिणारे असंच लिहितात.

तिसरं, तू आता एकटी आहेस. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आहेस. नोकरी गेली तर त्या घरात दिवसभर नुसती भिंतीकडे बघत बसशील.

ती रेखाटनं तेवढी गुपचूप तपासून घे, म्हणजे कोणाच्या जिवाला धोका नको. बाकी विषय संपव. बाळ असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं. तो कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात.

— अप्पा


८ जुलै

अप्पा,

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तुमचं ऐकत नाही. रागवा.

तुमचा मुलगा असं म्हणाला नसता. तुम्हाला त्याने सांगितलं नसणार म्हणून मी सांगते. दोन वर्षांपूर्वी रात्रीचा अंक मशीनवर चढला होता आणि पहिल्या पानावर एक माणूस सकाळी वारल्याची बातमी होती. तो माणूस आजारी होता पण जिवंत होता. दुपारीच याने त्याला त्याच्या दुकानात बघितलं होतं. याने कोणाला न विचारता मशीन बंद केलं. मालक धावत आला. "कोणी थांबवलं?" "मी." "तुझं काम छापायचं की वाचायचं?" तर हा म्हणाला, "माणूस जिवंत आहे. आधी त्याला मरू द्या, मग छापतो." त्या रात्री अंक उशिरा निघाला, मालक महिनाभर याच्याशी बोलला नाही, आणि हा घरी येऊन शांतपणे जेवला. अध्यात ना मध्यात नव्हता हे खरं. पण खोटं त्याच्या हातून छापलं जाणार नव्हतं.

गेल्या आठवड्यात कंपनीने आमच्यासाठी एक वर्ग घेतला. वेगवेगळ्या देशांतली माणसं एकत्र काम करताना कशी वागतात, हा विषय. शिकवणारा एक हसरा तरुण. त्याच्याकडे तक्ता होता आणि त्यात प्रत्येक देशाला गुण दिलेले. तोफबाईंचा देश: स्वतंत्र, स्पष्टवक्ता, ज्याचं काम त्याच्या नावावर. होहोचा: मोठ्यांना मानणारा. मौनीबाबांचा: गटासाठी झिजतात, पण पुढाकार घेत नाहीत. आपल्याला आज्ञाधारकपणात इतके गुण की मला लाज वाटली. शाळेत इतके कधी मिळाले नव्हते.

मी विचारलं, "एखाद्याने दुसऱ्याचं काम कोणाला न सांगता करून टाकलं, तर तो पुढाकार कुठल्या रकान्यात धरायचा?"

तो म्हणाला, "छान प्रश्न. शेवटी घेऊ." शेवटी वेळ संपली.

तक्त्यातलं सगळं खोटं होतं असं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. तोफबाई खरंच तोंडावर बोलतात. मौनीबाबा खरंच गप्प असतात. आणि मी खरंच तुम्हाला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. पण तक्त्यात लिहिलंय म्हणून मी तसंच वागेन असं कोणी धरून चालू नये.

मौनीबाबांची नोकरी हे एक. दुसरं त्या वाक्याचं. अप्पा, परिणाम झाला होता. नळ सोडून त्याच्यासमोर उभी राहायचे आणि बादली भरून वाहते आहे हे मला दिसायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन नळ बंद करायच्या. मी तेव्हा एक रेघसुद्धा काढली नाही. तो गेला आणि काहीच अडलं नाही, हे कंपनीच्या कागदावर कायमचं राहणार, आणि त्याबद्दल मला बढती मिळणार. नको मला.

पुढच्या मीटिंगला बोलणार आहे.

सूनबाई


२४ जुलै

अप्पा,

तुमचं उत्तर आलं नाही. रागावलात ते समजलं. तरी घडलं ते सांगते.

मीटिंगमध्ये मी हात वर केला आणि सगळं सांगितलं. तोफबाईंनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही दोघांनीही नियम मोडलात, हे तुला कळतंय?"

"हो."

"मग सांगतेस कशाला?"

"कारण नोंद खोटी आहे."

त्यांनी मौनीबाबांना विचारलं, "ती म्हणते ते खरं आहे?"

आणि अप्पा, त्या माणसाने कॅमेरा सुरू केला. इस्त्रीचा शर्ट, मागे एक लाकडी कपाट. मान खाली घालून म्हणाले, "नाही. सगळं त्यांनीच केलं आहे. त्या दुःखात आहेत. त्यांचा गोंधळ होतो आहे."

माझ्या तोंडावर, माझ्यासाठी, इतकं सरळ खोटं! तोफबाईंनी होहोला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"दोघांचंही बरोबर आहे."

"दोघांचं कसं बरोबर असेल?"

"हो, तेही आहे."

तोफबाई म्हणाल्या, "माझ्यासमोर दोन माणसांचे दोन शब्द आहेत. दोन्ही मला सारखेच. पुरावा नसेल तर नोंद आहे तशी राहील." आणि मीटिंग संपली.

त्यांचे निरोप दाखवता आले असते, पण चारचौघांत त्यांना खोटं पाडायला मन धजेना. मग एक गोष्ट लक्षात आली. आमच्या प्रत्येक रेखाटनाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव असतं. उद्या दार अडकलं, खड्डा कमी पडला, तर जबाबदार तो. रेखाटन कारखान्यात जाईपर्यंत काढणाऱ्याला आपलं नाव मागे घेता येतं. गिऱ्हाइकाची मंजुरी यायला वेळ लागतो, त्यामुळे त्या दिवसांतलं एकही अजून गेलं नव्हतं. मी एकेक उघडलं आणि सगळ्यांवरून माझं नाव काढून टाकलं. बिननावाचं रेखाटन कारखाना हातात घेत नाही. त्यात एका हॉस्पिटलची लिफ्ट होती, स्ट्रेचर नेण्याची.

तोफबाईंचा तासाभरात फोन. "तू काम अडवलंस!"

"जे मी काढलं नाही त्याच्याखाली जबाबदार म्हणून मी उभी राहणार नाही."

"या कामावर नाव नसलं म्हणजे काय होईल ठाऊक आहे ना? तुझं त्या काळातलं काम शून्य होईल. मग सर्वांत कमी तू. जागा तुझी जाईल."

"शून्य लिहा," मी म्हटलं. "शून्यच होतं. पण कारण लिहा. नवरा वारला म्हणून शून्य."

"कारणाचा रकानाच नाही त्यात."

"मग नवा पाडा. रेघाच तर आहेत. त्या मारायचाच आपला धंदा आहे."

त्यावर तोफबाईंनी फोनच ठेवून दिला. तीन वर्षांत हे पहिल्यांदा.

दोन दिवस सगळं ठप्प. कारखान्याची विचारणा, हॉस्पिटलवाल्यांची विचारणा. तिसऱ्या सकाळी संगणक उघडला तर प्रत्येक रेखाटनाच्या कोपऱ्यात मौनीबाबांचं नाव. सोबत मला निरोप: "मी तुमच्यावर रागावलो आहे. फार रागावलो आहे. पण रेखाटनं बरोबर आहेत, आणि बरोबर काम अडून पडलेलं मला बघवत नाही."

मी लिहिलं, "रागवा. आता मी तपासते." आणि तपासली. बाकी सगळी बरोबर, पण हॉस्पिटलच्या लिफ्टचा खड्डा पाच सेंटीमीटर कमी होता. दोघांची कामं ओढून दमलेला माणूस, दुसरं काय होणार? मी खूण करून परत पाठवलं. दुरुस्त होऊन आलं. सोबत एकच शब्द: "आभार." आता काढणारे ते आणि तपासणारी मी, दोन्ही नावं खरी आहेत.

जागा कोणाची जाते ते कळायचं आहे. बहुतेक माझी.

सूनबाई


३० जुलै

चि. सूनबाई,

मी रागावलो नव्हतो. तुझ्या मागच्या पत्रातली ती मशीन थांबवल्याची हकिगत वाचली आणि पुढे लिहायला बसवेना. माझ्या पोराला मी गरीब समजत होतो. शाळेत मार खाऊन यायचा तरी तक्रार नाही. मला वाटायचं, याला कोणी घाबरवलं की झालं. आणि त्याने चालतं मशीन थांबवलं! मला सांगितलं नाही, कारण मी म्हणालो असतो, मालकाच्या पुढे कशाला गेलास. म्हणालोच असतो.

तेव्हा 'बाळ असता तर' असं मी यापुढे लिहिणार नाही. त्याच्याबद्दल काही विचारायचं झालं तर तुला विचारीन. अशा आणखी हकिगती असतील तर पाठव.

गप्प बस म्हणालो होतो, ते मागे घेतो. जागा गेली तर जाऊ दे. इकडे यावंसं वाटलं तर ये, खोली झाडून ठेवली आहे. पण घाबरून येणार असशील तर येऊ नकोस. तिथेच दुसरी नोकरी बघ आणि त्यांना पहिल्याच दिवशी सांग की मापं डावीकडून देईन.

खड्डा पाच सेंटीमीटर कमी म्हणजे थोडकं नव्हे.

— अप्पा


९ ऑगस्ट

अप्पा,

निकाल लागला.

तोफबाईंचा काल फोन आला. म्हणाल्या, "मला तुझा भयंकर राग आला होता. आता नाही. दोन्ही सांगून टाकते." मग त्यांनी काय केलं ते सांगितलं. वरच्या लोकांपुढे त्यांनी असं मांडलं की नवरा गेलेल्या बाईला दोन-चार दिवसांत कामावर धरून चालणं हीच मुळात चूक. ती रजा होती. रजेतल्या माणसाचं काम मोजता येत नाही आणि तिचं काम करणाऱ्याचं कमी धरता येत नाही. वरचे लोक म्हणाले, हिशेब पुन्हा करावा लागेल. त्या म्हणाल्या, करा. आणि तोवर एकालाही काढू देणार नाही, वाटलं तर मला वरची जागा देऊ नका. असं त्यांनी तोंडावर सांगितलं. तूर्त चारही जागा शाबूत आहेत. पुढचं पुढे.

मला गटप्रमुख केलेलं नाही. नियम मोडणाऱ्याला करत नाहीत. तोफबाईंना पुढेमागे जायचंच आहे, तर त्यांच्यामागे होहो होईल. मी त्याला विचारलं, "तुला जमेल?" काय म्हणाला असेल ते तुम्हीच ओळखा.

मौनीबाबा अजून रागावलेले आहेत. कामापुरतं बोलतात, म्हणजे पूर्वीइतकंच. मी तो राग काढायला गेले नाही. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर असेल. माझ्या जागी मी पुन्हा तेच करीन.

आम्हा दोघांना लेखी ताकीद मिळाली. माझ्या ताकीदपत्राची प्रत सोबत पाठवते. मजकूर लहान आहे: 'सदर कर्मचाऱ्याने आपला पासवर्ड सहकाऱ्यास दिला. हे नियमाविरुद्ध आहे. एप्रिलअखेर ते मेअखेर सदर कर्मचाऱ्याचे काम शून्य. कारण: पतीचे निधन.'

कारणाचा रकाना तोफबाईंनी हाताने रेघ मारून पाडला आहे. थोडा तिरका आहे.

एवढ्या मोठ्या कंपनीत तो गेल्याचं लिहिलेला हा एकच कागद. एक प्रत तुमच्याकडे असावी.

सूनबाई


१७ ऑगस्ट

चि. सूनबाई,

ताकीदपत्र पोचलं. चौकट करून आणली आणि बाहेरच्या खोलीत लावली, दारातून आत आलं की समोर दिसेल अशी. सुताराने विचारलं, "अप्पा, काय बक्षीस मिळालंय?" मी म्हटलं, "सुनेला ताकीद मिळाली आहे. काच चांगली लाव."

त्या मौनीबाबाला माझा नमस्कार कळव. तो उत्तर देणार नाही. तरी कळव.

काल शेजारचे मास्तर आले. चौकटीसमोर उभे राहून म्हणाले, "अहो, लोक भिंतीवर प्रशस्तिपत्रं लावतात."

मी म्हटलं, "शेवटची ओळ वाचा."

त्यांनी चष्मा चढवून वाचली. मग मास्तरच ते, हिशेब काढायला बसले.

"म्हणजे नोकरी राहिली?"

"सध्या राहिली."

"बढती?"

"गेली."

"वर ही ताकीद?"

"हो."

"मग एवढं भांडून तिने मिळवलं काय?"

"आत्ता वाचलंत ना तुम्ही?" मी म्हटलं. "तेच."

— अप्पा